थायरिस्टर कंट्रोलर: कुठल्या हीटरला कुठला मोड

प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट आणि पावडर कोटिंगचं युनिट, त्यात चार लोड, म्हणजे वीज घेणारी चार उपकरणं. नायक्रोम कॉइलची ७२ किलोवॅटची टेम्परिंग भट्टी, सध्या कॉन्टॅक्टरवर (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यांत्रिक स्विचवर) चालणारी. सिलिकॉन कार्बाइडच्या रॉडची ३६ किलोवॅटची भट्टी. मॉलिब्डेनम डायसिलिसाइड एलिमेंटची १६०० अंशांपर्यंत जाणारी छोटी भट्टी, ट्रान्सफॉर्मरसह. आणि पावडर भाजायला शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड दिव्यांची ओव्हन. चारही ठिकाणी थायरिस्टर पॉवर कंट्रोलर बसवायचे आहेत, म्हणजे सेमीकंडक्टरच्या झडपेने हीटरची वीज कमीजास्त करणारे. एक विक्रेता म्हणतो, सगळीकडे फेज अँगल घ्या, तापमान अचूक राहतं. दुसरा म्हणतो, झिरो क्रॉस स्वस्त आहे आणि पुरेसं आहे. मॅन्युअल उघडलं तर त्यात बर्स्ट, सिंगल सायकल, हाफ सायकल, सॉफ्ट स्टार्ट, करंट लिमिट आणि वर फीडबॅकचे वेगवेगळे प्रकार. घ्यायचं काय?

दोन्ही विक्रेते कंट्रोलरबद्दल बोलत आहेत आणि तुमचं उत्तर हीटरमध्ये आहे. तुमचा हीटर थंड असताना किती ओहमचा, पूर्ण तापल्यावर किती ओहमचा, आणि वर्ष-दोन वर्षं वापरून जुना झाल्यावर किती ओहमचा, हे तीन आकडे प्रत्येक लोडसाठी कागदावर लिहा. बहुतेक निवड तिथेच होऊन जाते. तुमच्या चार लोडचं वागणं या बाबतीत एकमेकांपासून इतकं वेगळं आहे की ‘सगळीकडे एकच’ हा सल्ला कोणीही दिला तरी तो चुकीचाच ठरेल.

आधी ‘अचूक’ या मुद्द्याचं बघू, कारण त्यावर बरेच पैसे वाया जातात. विटांच्या अस्तराची आणि आत टनभर माल असलेली भट्टी मिनिटांच्या हिशेबाने तापते आणि निवते. तिला अर्धा सेकंद वीज मिळाली आणि अर्धा सेकंद नाही, तर थर्मोकपलला (तापमान मोजणाऱ्या सेन्सरला) पत्ताही लागत नाही. तिथे फेज अँगल आणि बर्स्ट यांत तापमानाच्या रेषेत फरक दिसणार नाही. फरक दिसतो तो कॉन्टॅक्टरच्या तुलनेत, कारण कॉन्टॅक्टर टिकावा म्हणून चालू-बंदचा सायकल टाइम २०-३० सेकंदांचा ठेवावा लागतो. म्हणजे फेज अँगल घ्यायचं कारण असेल तर ते करंटचं असलं पाहिजे. तापमानाचं कारण फक्त दिव्यांसारख्या अतिशय चपळ लोडला लागू होतं.

दुसरी गोष्ट, मॅन्युअलमधली ती लांबलचक यादी प्रत्यक्षात दोन वेगळ्या प्रश्नांची आहे. पहिला प्रश्न, थायरिस्टर चालू कधी करायचा? याला फायरिंग म्हणतात. दुसरा, कंट्रोलरने सांभाळायचं काय: व्होल्टेज, करंट की पॉवर? याला फीडबॅक म्हणतात. हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात. कोटेशनमध्ये मात्र एकाच ओळीत ‘फेज अँगल टाइप’ लिहून येतं आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी देतच नाही.

फायरिंगपासून सुरुवात करू. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची आणि अर्धी १० ची. एकदा चालू केलेला थायरिस्टर करंट शून्यावर येईपर्यंत आपण बंद करू शकत नाही. आपल्या हातात फक्त चालू करण्याचा क्षण असतो. फेज अँगलमध्ये प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये थोडं थांबून चालू करतात. घरच्या पंख्याचा सलग फिरणारा (टप्प्यांचा नव्हे) इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हेच करतो. अर्धी सायकल १८० अंशांची धरतात. ९० अंशांवर चालू केलं तर रेझिस्टिव्ह लोडला (साध्या हीटरसारख्या नुसत्या ओहमच्या लोडला) बरोबर अर्धी पॉवर मिळते. पण हे नातं सरळ रेषेतलं नाही. १३५ अंशांवर चालू केलं, म्हणजे अर्ध्या सायकलचा शेवटचा पाव भाग दिला, तर पॉवर मिळते जेमतेम ९ टक्के. ४५ अंशांवर ती ९१ टक्के होते. मधल्या ९० अंशांतच ८२ टक्के पॉवर बसलेली असते. म्हणून ज्या स्वस्त कार्डमध्ये ४-२० मिलिअँपिअरचा सिग्नल थेट अँगलमध्ये बदलतात, तिथे पीआयडी (तापमान पाहून मागणीचा हा सिग्नल देणारा कंट्रोलर) एका तापमानाला नीट लागतो आणि दुसऱ्या तापमानाला झोके खातो. विचारून घ्या: सिग्नल अँगलच्या प्रमाणात आहे की पॉवरच्या?

फेज अँगलची किंमत पॉवर फॅक्टरमध्ये, म्हणजे ओढलेल्या व्होल्ट-अँपिअरपैकी कामाला आलेल्या हिश्शात, चुकवावी लागते. रेझिस्टिव्ह लोडला हिशेब सोपा आहे. पॉवर पूर्णाच्या जितक्या हिश्शावर आणली त्याचं वर्गमूळ म्हणजे पॉवर फॅक्टर. अर्ध्या पॉवरवर ०.७१, पाव पॉवरवर ०.५. तुमचं कनेक्शन उच्चदाब असेल तर महावितरण १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (नुसत्या किलोवॅट-तासांऐवजी किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर) बिल लावते, म्हणजे हा फटका थेट बिलात दिसतो. नेमका किती, ते मीटर केव्हीएएच कसं काढतो त्यावर ठरतं, पण दिशा एकच, नुकसानाची. आणि ‘पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर बँक आहे की आमच्याकडे’ या भरवशावर राहू नका. अर्ध्या पॉवरवरचा तो ०.७१ दोन कारणांनी येतो: करंट उशिरा सुरू होतो म्हणून मागे पडतो, आणि तुकडा पडलेला असल्यामुळे त्यात हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटींतले जादा करंट) असतात. कपॅसिटर फक्त पहिली गोष्ट भरून काढतो. सगळं भरून काढलं तरी पॉवर फॅक्टर ०.७९ च्या पुढे जात नाही. उलट साधे कपॅसिटर त्या हार्मोनिक्सशी रेझोनन्समध्ये गेले तर फुगतात, त्यांचे फ्यूज उडतात. बँकेत ७ टक्क्यांचे रिअॅक्टर (कपॅसिटरसोबत जोडलेल्या कॉइल) असतील तर ते १८९ हर्ट्झला लागलेले असतात, पाचव्या हार्मोनिकचा विचार करून. सिंगल फेज फेज अँगलचं मोठं लोड असेल तर तिथे तिसरा हार्मोनिक, म्हणजे १५० हर्ट्झ, मोठा असतो. त्याला १४ टक्क्यांचा रिअॅक्टर, १३४ हर्ट्झचा, लागतो. कोटेशन मंजूर करण्याआधी बँकेवरची पाटी वाचून घ्या.

न्यूट्रलचं काय होतं तेही इथेच सांगतो. तीन फेजना फेज अँगलचे तीन सिंगल फेज कंट्रोलर आणि लोड स्टारमध्ये न्यूट्रलसह, अशी जोडणी केली की तिसरे हार्मोनिक एकमेकांना काटत नाहीत, न्यूट्रलमध्ये एकत्र येतात. अँगल १२० अंशांच्या पुढे असेल तेव्हा न्यूट्रलचा करंट त्या क्षणीच्या फेज करंटच्या १.७३ पट असतो. लोड तिन्ही फेजवर अगदी समान असूनही. वायरमनला वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं की बॅलन्स लोडला न्यूट्रल कोरडा असतो, म्हणून तो निम्म्या जाडीची केबल टाकतो. अशा पॅनेलमध्ये न्यूट्रलची लग (केबलच्या टोकाची जोडपट्टी) काळी पडलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे.

आता बर्स्ट. झिरो क्रॉस म्हणजे व्होल्टेज शून्यातून जाताना चालू करणं, आणि बर्स्ट म्हणजे अशा काही पूर्ण सायकली द्यायच्या, काही गाळायच्या. चालू सायकलमध्ये करंटचा आकार शुद्ध साइन असतो, रेडिओत खरखर येत नाही, कपॅसिटर शांत राहतात. एक सेकंदाच्या काळात ५० टक्के म्हणजे २५ सायकल चालू, २५ बंद. चांगल्या कंट्रोलरमध्ये हा काळ ठरलेला नसतो. तो मागणीप्रमाणे सायकली पसरून देतो. या पसरवण्याचं टोक म्हणजे सिंगल सायकल. ५० टक्क्यांना एक चालू एक बंद, ३३ ला एक चालू दोन बंद, ६६ ला दोन चालू एक बंद. हाफ सायकलमध्ये तेच अर्ध्या सायकलींनी करतात.

ऐकायला सिंगल सायकल सगळ्यांत उत्तम वाटतं आणि मध्यम आकाराच्या चपळ हीटरला ते खरंच छान असतं. पण दिवे लुकलुकण्याचा प्रश्न ध्यानात ठेवा. माणसाच्या डोळ्याला सर्वांत जास्त त्रास होतो तो सेकंदाला ८.८ वेळा होणाऱ्या लुकलुकीचा. फ्लिकर मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धतही याच आकड्यावर आधारलेली आहे. सिंगल सायकलमध्ये मागणी १७ टक्क्यांच्या आसपास आली की दर सहा सायकलींत एक चालू, म्हणजे सेकंदाला ८.३ झटके. भट्टी सेटपॉइंटला (ठरवलेल्या तापमानाला) स्थिर झाल्यावर मागणी बऱ्याचदा याच पट्ट्यात असते. जुन्या गाळ्यांमध्ये शंभर मीटर लांब केबलवर मोठी भट्टी असेल, तर शेजारच्या ऑफिसच्या दिव्यांवर हे लगेच दिसतं. डीजी सेटवर (डिझेल जनरेटरवर) याहून वाईट. त्याचा व्होल्टेज रेग्युलेटर प्रत्येक झटक्यामागे धावत बसतो आणि सेट गुरगुरू लागतो. वीज गेल्यावर भट्टी डीजीवर चालवणार असाल तर हे विक्रेत्याला आधी सांगा.

आणि बर्स्टची सर्वांत महत्त्वाची मर्यादा, जी मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं मूळ आहे: शुद्ध बर्स्टमध्ये करंट लिमिट होऊच शकत नाही. सरासरी कमी होते, पण जी सायकल चालू आहे तिच्यात लोडला पूर्ण व्होल्टेज मिळतं. हीटर त्या वेळी थंड आणि कमी ओहमचा असेल तर करंट ओहमच्या नियमाने येणार, टक्केवारी काहीही असो. करंट कापायचा तर सायकलच्या आत व्होल्टेज कापावं लागतं, आणि ते फक्त फेज अँगलला जमतं. ‘बर्स्ट विथ करंट लिमिट’ असं लिहिलेलं जे मिळतं, ते करंट वाढला की स्वतःहून फेज अँगलवर जातं. ते चांगलंच आहे, फक्त मग ते तिन्ही फेज नियंत्रित करणारं यंत्र असलं पाहिजे.

फीडबॅकबद्दल थोडक्यात. लाइन व्होल्टेज १० टक्के पडलं तर हीटरची पॉवर १९ टक्के पडते. फीडबॅक नसेल तर ही घट आधी भट्टीच्या तापमानात उतरते, मग पीआयडी ती पाहतो. व्होल्टेजच्या वर्गाचा (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) फीडबॅक असेल तर कंट्रोलर लगेच भरपाई करतो, अर्थात त्याच्याकडे वर जायला जागा असेल तरच. ओहम स्थिर असेल तिथे हे पुरतं. ओहम बदलत असेल तिथे खऱ्या पॉवरचा फीडबॅक लागतो, म्हणजे व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजून केलेला गुणाकार. करंटच्या वर्गाचा फीडबॅक मी फक्त अशा ठिकाणी वापरतो जिथे थंड एलिमेंटला जपून हळूहळू वर न्यायचं असतं.

तुमच्या चार लोडकडे वळू.

टेम्परिंग भट्टी सर्वांत सोपी. ८०-२० नायक्रोमचा ओहम थंडापासून हजार अंशांपर्यंत फारच थोडा, १० टक्क्यांच्या आतच बदलतो आणि वयानेही विशेष हलत नाही. इथे बर्स्ट, व्होल्टेजच्या वर्गाचा फीडबॅक, झालं. फेज अँगल घेतलात तर टेम्परिंगसारख्या कमी मागणीच्या कामात वर्षभर वाईट पॉवर फॅक्टर विकत घ्याल. ४१५ व्होल्टला ७२ किलोवॅट म्हणजे दर फेजला १०० अँपिअर. लोड डेल्टा किंवा न्यूट्रल नसलेला स्टार असेल तर दोन फेज नियंत्रित करणारा कंट्रोलर चालतो, कारण तीन तारांत दोन बंद झाल्या की तिसरीत करंट जायला वाट नाही. तिसऱ्या फेजचा थायरिस्टर वाचतो, उष्णताही एक तृतीयांशाने कमी होते. मात्र तिसरा फेज भट्टीत थेट जोडलेला असतो. कंट्रोलर शून्य दाखवत असला तरी कॉइल जमिनीच्या तुलनेत जिवंत असते. भट्टी बंद आहे, तापमान उतरतंय, म्हणून कोणी दार उघडून कॉइलला हात लावला तर जीव जाऊ शकतो. दार उघडताच आयसोलेटर किंवा कॉन्टॅक्टर तिन्ही फेज तोडेल अशी इंटरलॉक हवीच. तीन फेज नियंत्रित करणाऱ्या कंट्रोलरलाही हे लागू आहे, कारण थायरिस्टरच्या स्नबरमधून (त्याला जोडलेल्या संरक्षक सर्किटमधून) थोडा करंट कायम झिरपतो. थायरिस्टर म्हणजे स्विच नव्हे, हे मेंटेनन्सच्या प्रत्येक माणसाला सांगून ठेवा.

सिलिकॉन कार्बाइडची भट्टी सर्वांत फसवी. रॉडचा ओहम आधी तापताना कमी होतो, साधारण ८०० अंशांच्या आसपास सर्वांत खाली जातो आणि पुढे चढतो. म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजला करंटचा कळस वाटेत येतो, शेवटी नाही. पण खरा प्रश्न वयाचा. रॉड वापरात ऑक्सिडाइझ होत जातात आणि आयुष्यभरात ओहम तिप्पट-चौपट होतो. तितकीच पॉवर तिप्पट ओहमला हवी तर व्होल्टेज १.७३ पट लागतं, चौपट ओहमला दुप्पट.

आता आकडे मांडून बघा. म्हातारे झालेले रॉडही ३६ किलोवॅट देतील इतकं व्होल्टेज तुम्ही ठेवलं आणि नवे रॉड घातले. नव्या रॉडचा ओहम एक तृतीयांश, म्हणजे पूर्ण व्होल्टेजला ते १०८ किलोवॅट खेचतील. बर्स्टवर चालवलं तर सरासरी ३६ दिसेल आणि चालू सायकलींत १०८ जातील. केबल, फ्यूज, ब्रेकर सगळं ३६ च्या हिशेबाचं. ‘नवीन रॉड टाकले की फ्यूज उडतात, जुन्यावर ठीक चालतं’ ही तक्रार टीटीसीच्या (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात मी इतक्यांदा ऐकली आहे की फोनवरच विचारतो, बर्स्टवर आहे का? आणि फेज अँगल लावला तर करंट लिमिटने तो आवरेल, पण नवे रॉड असेपर्यंत कायम एक तृतीयांशावर चालेल, पॉवर फॅक्टर ०.५८.

या दोन्हींपेक्षा बरा मार्ग म्हणजे टॅप (वेगवेगळं व्होल्टेज देणारी टोकं) असलेला ट्रान्सफॉर्मर. रॉड नवे असताना खालच्या टॅपवर, वय वाढेल तसा वरच्या टॅपवर. मग थायरिस्टरला नेहमी वरच्या भागात काम मिळतं. ट्रान्सफॉर्मरचं बजेट नसेल तर रॉड आधी सिरीजमध्ये आणि नंतर पॅरलल गटांत जोडता येतात का ते भट्टी बनवणाऱ्याला विचारा. फीडबॅक मात्र पॉवरचाच घ्या. व्होल्टेजच्या वर्गाचा घेतला तर रॉड म्हातारे होतील तशी पॉवर गुपचूप घटत जाईल, आणि मग शिफ्टवाला म्हणेल भट्टी चढायला वेळ घेते. पॉवर फीडबॅक असलेल्या कंट्रोलरवर दर महिन्याला पूर्ण तापमानाला व्होल्टेज आणि करंट लिहून ठेवलं की रॉडचं वय आपोआप समजतं, टॅप कधी बदलायचा तेही. एक रॉड तुटला म्हणून पॅरलल गटात एकच नवा घालू नका. कमी ओहमचा नवा रॉड जास्त करंट घेतो आणि लवकर मरतो. बदलायचा तर ओहम जुळणारा, नाहीतर सगळा गट.

मॉलिब्डेनम डायसिलिसाइडला पर्याय एकच: फेज अँगल, करंट लिमिटसह. याचा ओहम थंडापासून कामाच्या तापमानापर्यंत दहा पटींहून जास्त वाढतो. थंड असताना पूर्ण व्होल्टेज म्हणजे दहापट करंट. करंट लिमिट रेटेड करंटवर ठेवलं तर सुरुवातीला व्होल्टेज एक दशांश लागतं आणि पॉवरही एक दशांशच मिळते. म्हणून पहिला अर्धा-पाऊण तास भट्टी मंद वाटेल. ऑपरेटरला तो वेळ सहन करायला सांगा, लिमिटच्या स्क्रूला हात लावू देऊ नका. ४०० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात मात्र रेंगाळू नका. तिथे या एलिमेंटचा ऑक्सिडेशनने भुगा होतो. वर गेल्यावर त्यावर काचेसारखा सिलिकाचा थर चढतो आणि तोच पुढे त्याचं रक्षण करतो.

इथे ट्रान्सफॉर्मर आहे म्हणून आणखी एक काळजी. रेझिस्टरला झिरो क्रॉसवर चालू करणं सर्वांत सौम्य, ट्रान्सफॉर्मरला तेच सर्वांत कठोर. शून्य व्होल्टेजपासून सुरुवात केली की पहिल्या अर्ध्या सायकलमध्ये गाभ्यातला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) नेहमीच्या दुपटीपर्यंत चढायला बघतो, त्यात आधीचा उरलेला फ्लक्स मिळाला तर आणखी. गाभा सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी फ्लक्स घेऊ शकत नाही, प्रायमरी जवळजवळ निव्वळ तांब्याची तार उरते आणि फ्यूज जातो. म्हणून सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे अँगल हळूहळू उघडत पूर्णावर नेणं. ट्रान्सफॉर्मरवर बर्स्ट चालवायचाच असेल तर पहिली अर्धी सायकल ९० अंशांच्या आसपास उशिरा चालू करणारी सोय लागते. हाफ सायकल मोड ट्रान्सफॉर्मरवर कधीच नाही. प्लस आणि मायनस बाजू जरा कमीजास्त झाली की डीसी जातो आणि गाभा पुन्हा सॅच्युरेट. ट्रान्सफॉर्मर नव्याने बनवून घेत असाल तर फ्लक्स डेन्सिटी १.२ टेस्ला सांगा. वाइंडिंगवाले सवयीने दीडच्या वर ठेवतात. आणि सेकंडरी उघडी ठेवून कंट्रोलर तपासू नका. नुसत्या मॅग्नेटायझिंग करंटवर थायरिस्टर नीट धरून राहत नाही, एका बाजूने सुटतो, आणि तपासणीतच फ्यूज घालवतो.

दिव्यांच्या ओव्हनला पुन्हा फेज अँगल, कारण टंगस्टनची तार थंड असताना तिचा ओहम तापलेल्याच्या दहाव्या हिश्शाइतका किंवा त्याहून कमी असतो, आणि ती सेकंदाच्या आत निवते. एक सेकंदाच्या बर्स्टवर दिवे डोळ्यांसमोर उघडझाप करतात आणि दर वेळी तारेला झटका बसतो. सॉफ्ट स्टार्ट आणि करंट लिमिट दोन्ही घ्या. पण इथे माझा आग्रह वेगळ्या गोष्टीचा आहे. दिवे ३०-४० टक्क्यांवर सतत चालवू नका. व्होल्टेज कमी केलं की तारेचं तापमान उतरतं आणि प्रकाशलहरींची लांबी वाढते. म्हणजे ज्या शॉर्टवेव्हसाठी दिवे घेतले तीच हातून जाते, वर पॉवर फॅक्टर वाईट. माल छोटा असेल तेव्हा दिव्यांच्या काही रांगा पूर्ण बंद करा आणि उरलेल्या ८० टक्क्यांच्या वर चालवा. त्यासाठी कंट्रोलर एक मोठा घेण्याऐवजी रांगांप्रमाणे तीन-चार छोटे घ्या. थोडं महाग पडेल, पण ओव्हन खऱ्या अर्थाने तुमच्या ताब्यात येईल.

चारही एकत्र चालताना काय होतं, तेही बघायला हवं. बर्स्टवरचे झोन (वेगवेगळे नियंत्रित होणारे भाग) एकमेकांना न विचारता चालू-बंद होतात. समजा पुढे तुम्ही टेम्परिंगचे सहा झोन केले, प्रत्येकी ३० किलोवॅट, सगळे ५० टक्क्यांवर. सरासरी ९०, पण सगळ्यांची चालू वेळ जुळली तर त्या क्षणी १८०, पुढच्या क्षणी शून्य. कंट्रोलर एकमेकांशी जोडून फायरिंग वाटून देणारी सोय मिळते, आणि तीन-चारपेक्षा जास्त झोन असतील तर तिचे पैसे वसूल होतात. फक्त एक गैरसमज नको. सेकंदांच्या या उड्यांनी बिलातली मॅक्सिमम डिमांड वाढत नाही, कारण ती कितीतरी मिनिटांच्या सरासरीवर धरतात. उड्यांचा त्रास ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर आणि दिव्यांना होतो. डिमांड वाढते ती थंड सुरुवातीला. आपल्याकडे अनेक युनिटना शुक्रवारची सुट्टी असते, आणि शनिवारी सकाळी सगळ्या भट्ट्या एकदम १०० टक्क्यांवर सुरू करतात. तो एक तास महिन्याची डिमांड ठरवून जातो. त्या वेळेपुरती प्रत्येक कंट्रोलरवर पॉवर लिमिट लावा किंवा भट्ट्या अर्ध्या-अर्ध्या तासाने सोडा. डायसिलिसाइडची भट्टी तशीही मंद चढते, तिला आधी सुरू करा.

पॅनेलबद्दल. थायरिस्टर दर अँपिअरला साधारण सव्वा वॅट उष्णता सोडतो. १०० अँपिअरच्या तीन फेजला पावणेचारशे वॅट पॅनेलच्या आत, एप्रिल-मेमध्ये शेडखाली. कंट्रोलरचा रेटेड आकडा कुठल्या तापमानाला दिलाय ते बघा, बहुतेकदा ४० किंवा ४५ अंश असतो, आणि पॅनेलच्या आतलं तापमान त्याहून वर जाणार हे धरून एक साइज मोठा घ्या. रबाळे, पवणे, तुर्भे या भागात शेजारी रासायनिक कारखाना असण्याची शक्यता मोठी, आणि पावसाळ्यात हवा दमट. पंख्याने तीच हवा आत ओढली तर कार्डावरचे तांबे हिरवे पडते. शक्य असेल तर हीट सिंकची मागची बाजू पॅनेलबाहेर काढा म्हणजे आत बाहेरची हवा घ्यावीच लागणार नाही. नाहीतर फिल्टर, आणि तो धुण्याची तारीख मेंटेनन्सच्या वहीत.

फ्यूज सेमीकंडक्टर प्रकारचेच, कंट्रोलर बनवणाऱ्याने सांगितलेल्या आय स्क्वेअर टी मूल्याचे (उडेपर्यंत फ्यूज किती ऊर्जा पुढे जाऊ देतो, त्याचं माप). एमसीसीबी (पॅनेलचा मोठा ब्रेकर) केबल वाचवतो. थायरिस्टर वाचवण्याइतका तो वेगवान नसतो. साधा एचआरसी फ्यूज घालून ‘चाललं की’ म्हणणारे भेटतील. पहिल्या शॉर्टमध्ये थायरिस्टर जाईल आणि फ्यूज शाबूत राहील.

बसवल्यावर मोजमाप करताना ट्रू आरएमएस टाँग टेस्टर (कुठल्याही आकाराचा करंट बरोबर मोजणारा क्लॅम्प मीटर) वापरा. साधा टेस्टर सरासरी मोजून साइन धरतो आणि फेज अँगलच्या तुकडा पडलेल्या करंटला बराच कमी दाखवतो. मग लिमिट ‘थोडी वाढवूया’ असं वाटतं, आणि एलिमेंट जातं. बर्स्टवर आकडा नाचतो, त्यामुळे तपासणीपुरती मागणी १०० टक्के करून वाचा. नायक्रोमच्या भट्टीवर हीटर तुटल्याचा अलार्म जरूर चालू करा. भट्टी तापलेली असताना एकदा शिकवून ठेवला की समान सहा कॉइलपैकी एक गेली तरी तो पकडतो.

आणि ऑर्डरमध्ये चारही भट्ट्यांसाठी वेगळा थर्मोकपल, वेगळा ओव्हर टेम्परेचर कंट्रोलर आणि त्याने सुटणारा लाइन कॉन्टॅक्टर लिहा. थायरिस्टर निकामी होतो तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होतो. म्हणजे भट्टीला पूर्ण पॉवर मिळत राहते आणि तुमचा पीआयडी शून्य टक्के सिग्नल देत बसतो. अशा वेळी भट्टी थांबवणारं दुसरं काहीच नसतं. कमिशनिंगच्या दिवशी ओव्हर टेम्परेचरची मर्यादा मुद्दाम चालू तापमानाच्या खाली आणून कॉन्टॅक्टर खरोखर सुटतो का ते सगळ्यांसमोर बघा, त्यानंतरच विक्रेत्याच्या कागदावर सही करा.